घरी बांधलेलं एचटी-2 पहिल्यांदा उडवताना

हे रिमोटवर उडणारं मॉडेल विमान बांधायला मला साडेसात महिने लागले, आणि याच्या आधीचं मोडायला दोन सेकंद. त्यामुळे ह्या वेळी मेडनच्या बाबतीत मी जरा जास्तच घाबरट झालो होतो आणि खरं सांगायचं तर त्याचाच फायदा झाला. (मेडन म्हणजे पहिलं उड्डाण, आमच्यात सगळे मेडनच म्हणतात.) आधीचं विमान साधा हाय विंग ट्रेनर (पंख वर असलेलं, शिकायचं विमान) होता, ट्रान्समीटर म्हणजे हातातला रिमोट नवीन घेतलेला, मॉडेल नवीन सेट केलं आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या हलत्या पट्ट्या) उलटे राहिले. घरी हलवून बघितलेले, हलतात म्हणजे झालं असं वाटलं! हातातून सोडल्यावर विमान किंचित डावीकडे कललं, मी उजवी स्टिक दिली, ते अजून डावीकडे, मी अजून उजवी, आणि नाक बांधावर. मामेभाऊ म्हणाला दाद्या हे उडलं का पडलं तेच कळलं नाही.

आता हे एचटी-2 कशाला, तर एक कारण असं की भारतात डिझाईन होऊन इथेच बनलेलं हे पहिलं ट्रेनर विमान, 5 ऑगस्ट 1951 ला पहिल्यांदा उडालं, आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये (आताचं एचएएल) त्याचं डिझाईन ज्यांच्या हाताखाली झालं ते डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगनला हवेच्या प्रवाहाचे मोठे शास्त्रज्ञ प्रांटल ह्यांच्या हाताखाली पीएचडी केलेला माणूस. स्पिटफायर आणि मस्टँग ही महायुद्धातली लढाऊ विमानं जगभर सगळेच बनवतात, म्हटलं आपल्या मातीतलं एखादं करू. खऱ्या विमानाचा पंख 10.72 मीटर, मी एक सप्तमांश केलं म्हणजे साधारण 1.53 मीटर, लांबी 1.07. बाल्सा (हलकं लाकूड) आणि लाईट प्लाय, वरून पिवळी फिल्म.

पण पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, स्केल विमान हा ट्रेनर नसतो, भले ज्याची नक्कल केलीय ते खरं विमान ट्रेनर का असेना. खऱ्यात पायलट आत बसलेला असतो, त्याला बुडाखाली कळतं विमान काय करतंय, आपण शंभर मीटर लांब उभे. लांबी सातपट कमी झाली की पंखाचं क्षेत्रफळ 49 पट कमी होतं, शेपटी तर अजून बारकी दिसायला लागते आणि हवेला ती स्केल वगैरे काही समजत नाही. मी मागचा आडवा पंख 10 टक्के मोठा केलाय. स्केलवाले शिव्या देतील, देऊ देत, लांबून कुणाला कळत नाही. आणि ज्यांनी आजवर फक्त फोमचं हाय विंग उडवलंय त्यांनी मेडन स्वतः करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, खाली पंख असलेलं आणि शेपटीखाली चाक असलेलं काहीतरी आधी वर्षभर उडवा, नाहीतर ज्याचा हात बसलाय त्याच्या हातात ट्रान्समीटर द्या. त्यात कमीपणा नाही. विमान तुमचंच राहतं.

वजनाचं पण एक आहे. ड्रोन रूल्स 2021 मध्ये आपली मॉडेल विमानं पण येतात, बऱ्याच जणांना वाटतं ते नियम फक्त चार पंखेवाल्यांना. 2 किलोपर्यंत मायक्रो, त्यात धंद्यासाठी उडवत नसाल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, म्हणून मी बॅटरीसकट 1.9 किलोच्या आत बसवलं. नोंदणीचं वगैरे एकदा स्वतः वाचून घ्या. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात, 400 फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर गेलात तर परवानगी लागते. कोल्हापुरात उजळाईवाडीचं विमानतळ आहे, पुण्यात लोहगाव, त्यामुळे नकाशा बघितल्याशिवाय माळ ठरवू नका. 200 फुटांत मेडन आरामात होतं.

आता सीजी. ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण मेडनला पडलेली अर्धी विमानं जमिनीवरच पडलेली असतात, फक्त ते हवेत गेल्यावर कळतं. सीजी म्हणजे विमान जिथे बोटांवर तोललं जातं ती जागा. माझ्या पंखाची मुळाशी रुंदी 25 सेंटीमीटर, तिचा 25 टक्के म्हणजे पुढच्या कडेपासून 62 मिलिमीटर, तिथे दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण केली. खालच्या पंखाचं विमान उलटं धरून तोलायचं, हे बरेच जण विसरतात, सरळ धरलं की सगळं वजन बोटांच्या वर येतं आणि ते डुगडुगतं, काहीच कळत नाही. आणि तोलताना बॅटरी आत पाहिजे, प्रॉपेलर पाहिजे, स्पिनर (प्रॉपेलरवरची टोपी) पाहिजे, कॅनॉपी (पायलटवरची काच) आणि आतला बाहुला पायलट पण पाहिजे. म्हणजे उडताना जे जे असेल ते सगळं.

माझं पहिल्यांदा तोललं तर शेपटी धपकन खाली. वाटलेलंच, कारण मागे रंगाचे दोन हात जास्त बसले होते आणि अराल्डाईट सढळ हाताने वापरलेलं. मागचा एक ग्रॅम नाकातल्या पावणेतीन ग्रॅमएवढा पडतो माझ्या विमानात, म्हणून मागे बांधताना कंजूषपणा करा, सगळा प्रकार तिथेच ठरतो. बॅटरी जेवढी पुढे जाईल तेवढी ढकलली तरी पुरेना, मग टायरवाल्याकडे गेलो. व्हील बॅलन्सिंगला चिकटवायची शिशासारखी पट्टी मिळते बघा, 5-5 ग्रॅमचे तुकडे. त्याने विचारलं कुठली गाडी, म्हटलं विमान, तो हसला आणि पैसे घेतलेच नाहीत. 17 तुकडे लागले, 85 ग्रॅम, मोटारीच्या मागच्या फायरवॉलला (मोटार जिच्यावर बसते ती फळी) अराल्डाईट लावून वर एक स्क्रू. नुसत्या त्यांच्या डिंकावर ठेवू नका, उन्हात गाडीत ठेवलं की तो सुटतो. शेवटी नाक अगदी किंचित खाली जाईल असं ठेवलं. नाक जड असलेलं विमान जमिनीवरून उठायला कंटाळा करतं, उतरताना जोरात येतं, पण हातात राहतं. शेपूट जड असेल तर एलेव्हेटरला (शेपटीची वर-खाली हलणारी पट्टी) हात लावला की ते घोड्यासारखं उधळतं, तुम्ही दाबता ते उसळतं, मग स्टॉल (पंख उचलणं सोडतो) आणि गोष्ट संपली.

तोलून झालं की बॅटरीच्या मागच्या कडेला आत मार्करने रेघ मारा. मैदानावर घाईत बॅटरी 2 सेंटीमीटर मागे लागली की 85 ग्रॅमच्या मेहनतीचा काही भाग वाया जातो. आणि बॅटरीला वेल्क्रो आणि पट्टा दोन्ही.

मग कंट्रोल्स. आदल्या रात्री, घरी, प्रॉपेलर काढून. लिपो बॅटरी जोडली की मोटार जिवंत आहे असंच समजायचं, बोटं जाताना मी बघितलीत. विमानाच्या मागे उभे राहा, नाक आपल्यापासून लांब. उजवी एलेरॉन स्टिक, उजव्या पंखाचा एलेरॉन वर, डावा खाली. वर उठलेला एलेरॉन त्या बाजूचा पंख खाली ढकलतो, म्हणून. स्टिक आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडरची स्टिक उजवीकडे तर रडर (शेपटीची उभी पट्टी) उजवीकडे, आणि मागचं चाक विमानाला उजवीकडेच वळवतंय ना ते जमिनीवर ढकलून बघा. हे तुम्ही एकट्याने करून भागत नाही हे माझ्या त्या दोन सेकंदांनी मला शिकवलं, आपला डोळा आपल्याला पाहिजे तेच बघतो. मी मामेभावाला मागे बसवलं, ट्रान्समीटर त्याला दिसणार नाही असा धरला, आणि त्याने फक्त बोलायचं काय दिसतंय ते.

"उजवी वर, डावी खाली."

"आता?"

"मागची दोन्ही वर."

"आता?"

"आता काय हललंच नाही की."

तिथे रडरचा क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची चिमटी) हॉर्नमधून (रडरवरच्या खुंटीतून) अर्धा सुटलेला सापडला, पुशरॉड (रडर हलवणारी तार) नुसता मागेपुढे होत होता. त्याला उडण्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणून सापडला, मी असतो तर डोळ्यासमोरून गेला असता. त्यानंतर प्रत्येक क्लेव्हिसवर सिलिकॉनच्या नळीचा छोटा तुकडा सरकवला, मॉडेलच्या इंधनाच्या नळीचा असतो तसा, तो सुटू देत नाही. प्रत्येक बिजागरी पण ओढून बघा, नखाने नाही, चांगली चिमटीत धरून.

थ्रो, म्हणजे ह्या पट्ट्या किती हलाव्यात, किती ठेवायचे ते प्लॅनवर दिलेलं असेल तर तेवढेच, स्वतःचं डोकं लावू नका. माझा प्लॅन माझाच, म्हणून मी लो रेटला (कमी हालचालीचं सेटिंग) एलेरॉन 10 मिमी, एलेव्हेटर 11 मिमी आणि 30 टक्के एक्स्पो (स्टिक मधोमध मऊ करणारं सेटिंग) ठेवला, हाय रेटला दीडपट. उडायला लो वरच जायचं, हाय रेट लागला तर उतरताना. एक छोटा सल्ला, रेटचा स्विच कुठल्या बाजूला लो आहे ते चिकटपट्टीवर लिहून ट्रान्समीटरवर चिकटवा, हवेत आठवत नाही. खरंच आठवत नाही.

पॉवरचं फार बोलत नाही. 4 एस (चार सेलची) 2600 एमएएचची लिपो, 12x6 इंची प्रॉपेलर, वॉटमीटरवर फुल थ्रॉटलला (मोटार पूर्ण जोरात) 28 अँपिअर, म्हणजे 400 वॉटच्या आसपास, 1.9 किलोला भरपूर. ईएससी (मोटारीचा वेग ठरवणारं सर्किट) 50 अँपिअरचा. मोटार 2 अंश उजवीकडे आणि तेवढीच खाली कलवून बसवली. फेलसेफ मात्र न चुकता सेट करा, विमान खुर्चीला बांधून ट्रान्समीटर बंद करायचा, मोटार थांबली पाहिजे. थांबली नाही आणि सिग्नल गेला तर ते विमान फुल थ्रॉटलवर कुणाच्या तरी अंगणात जाणार. रेंज चेक मैदानावर, ट्रान्समीटर रेंज मोडवर टाकून 30 पावलं लांब जा, एकदा मोटार बंद असताना आणि एकदा चालू, चालू असताना कुणीतरी विमान पाठीमागून धरलेलं पाहिजे आणि त्याचे हात प्रॉपेलरच्या रेषेत नकोत.

वेळ आणि जागा. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा-सात. वारा पडलेला असतो, माळ कडक झालेला असतो, आणि घारी अजून उठलेल्या नसतात. घारीचं हसू नका, ऊन तापलं की त्या वर येतात आणि पिवळं विमान त्यांना अजिबात आवडत नाही. पतंगाच्या दिवसांत मांजा बघायचा. पाठीवर ऊन येईल असं उभं राहायचं. आम्ही गावाबाहेरच्या माळावर 60-70 पावलांची पट्टी खराट्याने झाडली, गोटे उचलले, कारण एक सप्तमांशच्या चाकाला लिंबाएवढा दगड म्हणजे डोंगर. आणि बघे तुमच्या मागे, सगळे, लेकरं तर लांब मागे. एक म्हातारे आजोबा म्हसरं सोडून आले आणि विचारलं, ह्यात माणूस बसतंय व्हय? कॅनॉपीतला पायलट दाखवला तर म्हणाले, हे बारकं हाय की.

आता खरी अवघड गोष्ट सांगतो, न उडवता परत येणं. पहिल्या दिवशी पोचलो तर वारा आडवा आणि झुडपं वाकत होती, विमान गाडीतून काढलंच नाही, चहा पिऊन परत. दुसऱ्या दिवशी हवा सुंदर, सगळं सुंदर, आणि डाव्या एलेरॉनचा सर्व्हो (तो हलवणारी छोटी मोटार) स्टिक सोडल्यावरही गुरगुरत होता, म्हणजे तो आपल्या जागी बसत नव्हता. चार माणसं कॅमेरे घेऊन आलेली, मामेभावाने रजा टाकलेली, उडव रे काय होतंय असं सगळेच म्हणत होते. नाही उडवलं. घरी जाऊन सर्व्हो उघडला तर एका दातऱ्याचे दोन दात गेलेले. म्हणून माझा नियम, मेडनला जास्त माणसं बोलवायची नाहीत. एक मदतनीस बास, तो शेजारी उभा राहून फक्त वेळ सांगणार आणि आजूबाजूला बघणार, त्याने उडवण्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

तिसऱ्या दिवशी उडालं.

आधी जमिनीवर दोन-तीन फेऱ्या मारा, टॅक्सी. शेपटीखाली चाक असलेलं विमान पळताना मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गोल फिरतं, म्हणून एलेव्हेटर ओढून धरायचा, शेपूट जमिनीला दाबून राहते. थ्रॉटल वाढवला की नाक डावीकडे पळतं, त्याला थोडा थोडा उजवा रडर. दोन टॅक्सीत हाताला अंदाज येतो किती ते. पुढची चाकं किंचित आत वळलेली असली की बरं, बाहेर वळलेली असली तर गोल फिरणार म्हणजे फिरणार.

टेक ऑफला थ्रॉटल तीन सेकंदांत हळूहळू, झटक्यात नाही, उजवा रडर तयार, वेग आला की एलेव्हेटर सोडत जायचा म्हणजे शेपूट उठते. मग थांबा. विमानाला उठू द्या, ओढू नका. ओढून उठवलेलं विमान दोन मीटरवर जाऊन पंख टाकतं. माझं 20-25 पावलांत स्वतःहून हलकं झालं आणि वर गेलं, आणि लगेच नाक वर वर करायला लागलं, म्हणून एलेव्हेटर थोडा पुढे दाबून धरला. ह्या वेळी थ्रॉटल कमी करायचा मोह होतो तो टाळा, सरळ, वळायचं नाही, 30-40 मीटर उंचीपर्यंत. आणि वर जाताना मोटार बंद पडली तर मागे वळून पट्टीवर यायचा प्रयत्न करू नका, समोर जे असेल त्यात उतरवा, उसात गेलं तरी चालेल, उसातून विमान परत मिळतं.

उंचीवर गेल्यावर थ्रॉटल अर्ध्यापेक्षा थोडा जास्त आणि मग ट्रिम (स्टिक सोडली तरी विमान सरळ जावं म्हणून बारीक दुरुस्ती). एका वेळी एकच, आधी एलेरॉन मग एलेव्हेटर, आणि सरळ वाऱ्याविरुद्ध जात असताना, वळणात नाही. विमान आपल्याकडे येताना डोकं फिरतं सगळ्यांचंच, त्याला सोपं म्हणजे जो पंख खाली पडलाय त्याच्या खाली स्टिक टेकू दिल्यासारखी त्याच बाजूला द्यायची. पिवळं विमान वरून खालून सारखं दिसतं म्हणून मी खालून पंखांना काळे पट्टे मारलेत, ते त्या सकाळी दोनदा उपयोगी पडले.

मग स्टॉल बघायचा, तेवढ्याच उंचीवर. थ्रॉटल बंद, एलेव्हेटर हळूहळू ओढत नेत राहा आणि बघा काय होतं. माझ्या हिशोबाने ह्याचा स्टॉल ताशी 30-32 किलोमीटरला यायला पाहिजे, आकड्याचा तसा उपयोग नाही कारण विमानावर मीटर नाही, पण डोळ्याला दिसतं ते किती हळू म्हणजे जास्तच हळू. पंखाच्या टोकांना 2 अंश वॉशआऊट दिला होता, म्हणजे टोकाची पुढची कड मुळापेक्षा किंचित खाली वळवलेली, त्यामुळे पंख न टाकता नाक सरळ खाली गेलं. एका बाजूचा पंख पडला असता तर उतरताना वळणं अजून मोठी घेतली असती. हे वर न बघता थेट उतरायला आलात तर हीच परीक्षा तुम्ही तीन मीटरवर देणार आहात.

टायमर 4 मिनिटांचा लावा, त्यापेक्षा जास्त पहिल्यांदा नको. मजा यायला लागली की उतरवावंसं वाटत नाही, तेव्हाच उतरवा. आधी एकदा नुसतं पट्टीवरून जाऊन बघा, 10-12 मीटरवर, थ्रॉटल थोडा ठेवून. शेवटचं वळण लांबून आणि उंच, पंख जास्त न कलवता. बहुतेक स्केल विमानं शेवटच्या वळणात मरतात, पट्टी चुकतेय असं वाटतं, माणूस रडर आणि एलेव्हेटर ओढतो आणि आतला पंख पडतो. चुकतेय तर चुकू द्या, थ्रॉटल द्या, परत फिरा. मी पण एकदा परत फिरलो. सरळ आल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद करू नका, चाकं टेकेपर्यंत थोडा चालू ठेवा, मोठं प्रॉपेलर बंद झालं की ब्रेकसारखं काम करतं. जमिनीपासून गुडघ्याएवढं आलं की हळू हळू एलेव्हेटर, आणि टेकल्यावर पण स्टिक ओढलेलीच ठेवायची, तिथे सोडली की नाकावर उभं राहतं. माझं एकदा उसळलं, दुसऱ्यांदा बसलं, मग उजवीकडे जाऊन गवतात थांबलं. प्रॉपेलर शाबूत.

मामेभाऊ पळाला, मी ओरडलो थ्रॉटल कट (मोटार बंद ठेवणारा स्विच) आधी बघू दे. कट झालं, मग तो गेला.

लगेच दुसरं उड्डाण नको. पंखाचे स्क्रू बघितले, मोटारीचे बघितले, एक पाव फेरी सैल झालेला. ट्रिम एलेव्हेटरला चार क्लिक खाली आणि एलेरॉनला दोन उजवीकडे, ते चिकटपट्टीवर लिहून ठेवलं, घरी क्लेव्हिस फिरवून ट्रिम परत मधे आणला. बॅटरी चार्ज करताना 880 एमएएच आत गेले, म्हणजे पुढच्या वेळी 6 मिनिटं आरामात चालतील. डाव्या चाकाचा कॉलर (चाक आसावर धरून ठेवणारी कडी) मात्र उतरताना कुठेतरी पडला, त्याच्या बारक्या स्क्रूला लॉकटाईट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावायचं राहिलं होतं. ते आजोबा, मी आणि मामेभाऊ अर्धा तास गवतात वाकून शोधत होतो, शेवटी आजोबांनाच सापडला.